मेंढरांचा चारा आणि नत्राची गळती

चैत्राचे ऊन तापू लागले आणि गहू-हरभरा खळ्यातून घरी आला, म्हणजे आमच्या लोधीखेड्याच्या शिवारातील वावरे मोकळी होतात. पऱ्हाटी उपटून झालेली असते, तुरीचे कुटार घरोघर रचून ठेवलेले असते, आणि संत्र्यांच्या बागा सोडल्या तर दूरवर हिरवे असे फारसे काही दिसत नाही. अशा दिवसांत मेंढरांचे कळप येतात. काही कळप आसपासच्या धनगर बांधवांचे असतात, तर काही कच्छकडून उंटांवर संसार लादून निघालेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या ह्या भागाच्या वाटा तुडविणाऱ्या रबारी लोकांचे असतात. शेतकरी त्यांना आपल्या वावरात रात्रीपुरता कळप बसविण्यास सांगतो व त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. मेंढरे रात्रभर बसतात, लेंड्या व मूत्र टाकतात आणि सकाळी पुढच्या वाटेला लागतात. शेतकऱ्याचे वावर खतावते, मेंढपाळाच्या चुलीला आधार मिळतो. ही देवघेव फार जुनी आहे व तिच्यात दोघांचेही शहाणपण आहे.

अशाच एका सकाळी आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन वावरातील मेंढरांचा वाडा पाहावयास गेलो होतो. कळप नुकताच उठला होता. जमीन ओलसर होती आणि डोळ्यांना झोंबेल असा उग्र दर्प सुटला होता. एका मुलाने नाकाला रुमाल लावला. ते पाहून म्हातारे मेंढपाळबाबा हसले आणि म्हणाले, "नाक कायले दाबतं, बाबू? वास सुटला म्हंजे खत जोरदार हाय, असं समज." मुले हसली, आम्हीही हसलो. परंतु परतीच्या वाटेवर एका विद्यार्थिनीने विचारले, "गुरुजी, खताचा जोर जर वासात असेल, तर वास उडून गेल्यावर वावरात काय उरते?" त्या प्रश्नाला तेथल्या तेथे नीट उत्तर आम्हांस देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

तो दर्प अमोनिया नावाच्या वायूचा असतो. अमोनिया हा नत्र आणि हायड्रोजन यांच्या संयोगाने बनतो. नत्र म्हणजे तेच द्रव्य, ज्यासाठी शेतकरी युरियाच्या गोण्या विकत आणतो. पानांचा हिरवेपणा, दाण्यांतील व दुधातील प्रथिने, मेंढीची लोकर, आपल्या अंगावरील मांस, या सर्वांत नत्र आहे. प्रथिनांच्या शंभर भागांत साधारणतः सोळा भाग नत्र असतो. तेव्हा मेंढपाळबाबांचे म्हणणे अर्धे खरे होते. वास येतो, ह्याचा अर्थ खतात जोर आहे. पण तो जोर त्या क्षणी वावराला न मिळता वाऱ्याला मिळत असतो. आपण नाकाने जे हुंगतो, ते उडून जाणारे खतच असते.

हा नत्र मेंढीच्या पोटात येतो कोठून? आपल्या सभोवतीच्या हवेत शेकडा ७८ भाग नत्रच आहे. तथापि मेंढी काय, मनुष्य काय, किंवा गव्हाचे रोप काय, कोणालाही तो हवेतून थेट घेता येत नाही. ही किमया साधते ती तूर, हरभरा, चवळी, भुईमूग, सोयाबीन, बरसीम, लसूणघास अशा शेंगवर्गीय वनस्पतींना. तुरीचे रोप हळूच उपटून पाहिले, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. जर्मनीतील हेलरीगेल या शास्त्रज्ञाने १८८६ साली असे दाखवून दिले की, ह्या गाठींच्या साहाय्याने शेंगवर्गीय पिके हवेतील नत्र वापरू शकतात. पुढे १८८८ साली हॉलंडमधील बायेरिंक यांनी त्या गाठींत राहणारे जीवाणू वेगळे काढले. म्हणूनच शेंगवर्गीय चारा प्रथिनांनी समृद्ध असतो. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने जेमतेम शेकडा तीन-चार असतात, तर चांगल्या लसूणघासात कोरड्या वजनाच्या शेकडा अठरा-वीसपर्यंत असतात. मग मेंढ्यांना भरपूर शेंगवर्गीय चारा द्यावा, म्हणजे काम झाले, असे कोणासही वाटेल. गोष्ट इतकी सोपी नाही. का, ते समजण्यासाठी मेंढीच्या पोटात डोकावले पाहिजे.

मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. चारा प्रथम तेथे जातो आणि तेथे कोट्यवधी सूक्ष्म जीव त्यावर तुटून पडतात. गवतातील जे काष्ठमय द्रव्य आपणांस पचवता येत नाही, ते हे जीव पचवतात. मेंढीवर हा त्यांचा मोठा उपकार आहे. परंतु ते चाऱ्यातील प्रथिनेही फोडतात, आणि फोडता फोडता त्यांचा अमोनिया करून टाकतात. ह्या अमोनियापासून त्याच जीवांना स्वतःच्या शरीराची नवी प्रथिने बनविता येतात. पुढे ते जीव चाऱ्याबरोबर वाहत चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या पोटात, जातात व तेथून पुढे मेंढीचे अन्न बनतात. मेंढीला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग अशा रीतीने ह्या जीवांच्या शरीरांतून येतो.

येथेच एक अडचण उत्पन्न होते. प्रथिने बनविण्यासाठी जीवांना नुसता अमोनिया पुरत नाही; त्याबरोबर शर्करा किंवा पिष्ट, म्हणजे काम करण्याची शक्तीही लागते. गवंड्यासमोर विटांचा ढीग पडला आणि चुना मात्र पसाभरच आला, तर भिंत किती उठणार? कोवळ्या शेंगवर्गीय चाऱ्यात विटा पुष्कळ आणि चुना थोडा, अशी स्थिती असते. प्रथिने झपाट्याने फुटतात, अमोनियाचा पूर येतो, आणि जीवांना तो सगळा वापरता येत नाही. उरलेला अमोनिया रक्तात शिरतो. तो विषारी असल्यामुळे यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. थोडा युरिया लाळेवाटे पुन्हा पोटात येतो, पण बाकीचा मूत्रावाटे बाहेर जातो. ह्या रूपांतरासाठीही मेंढीची शक्ती खर्ची पडते. म्हणजे महागाचा चारा खाऊन मेंढी तो बाहेर टाकण्याचेच श्रम करीत बसते.

आता थोडे गणित करू. मेंढीच्या लेंड्यांतून जाणारा नत्र बहुधा ठराविक असतो. कोरड्या वजनाने एक किलो चारा खाल्ला, तर सुमारे आठ ग्रॅम नत्र लेंड्यांतून जातो, मग चारा भारी असो वा हलका. तीस किलो वजनाची मेंढी दिवसाला कोरड्या वजनाने सुमारे एक किलो खाते. तिला शेकडा अठरा प्रथिने असलेला चारा दिला, तर तिच्या पोटात १८० ग्रॅम प्रथिने, म्हणजे सुमारे २९ ग्रॅम नत्र गेला. लेंड्यांत आठ ग्रॅम, आणि वाढ व लोकर यांसाठी तीन ग्रॅम धरले, तर उरलेला १८ ग्रॅम नत्र मूत्रात जाणार. आता तिलाच शेकडा बारा प्रथिनांचा समतोल चारा दिला, तर पोटात १९ ग्रॅम नत्र जाईल. लेंड्यांत आठ व शरीरात तीन ग्रॅम वजा जाता मूत्रात आठच ग्रॅम उरतील. वाढ तीच आणि मूत्रातील नत्र निम्म्याहून कमी. फरक दर मेंढीमागे दिवसाला दहा ग्रॅम, म्हणजे शंभर मेंढ्यांच्या कळपामागे एक किलो. चार महिन्यांत तो १२० किलो होतो. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असतो. म्हणजे हा फरक जवळजवळ सहा गोण्यांचा झाला! आमचा हिशोब ठोकळ आहे; पण लेंड्यांतील नत्र हा ठरलेल्या साऱ्यासारखा असतो आणि जास्तीचा सगळा मूत्रात उतरतो, एवढा बोध त्यातून खचित मिळतो.

लेंडी आणि मूत्र यांत एवढा फरक का करावा, असे कोणी विचारील. शेवटी दोन्ही वावरातच पडतात. फरक असा की, लेंडीतील नत्र बहुतांशी न पचलेल्या द्रव्यांत आणि जीवांच्या शरीरांत बांधलेला असतो. तो मातीत हळूहळू, महिनोन्‌महिने मोकळा होतो आणि पिकाला पुरवून पुरवून मिळतो. मूत्रातील नत्र मुख्यतः युरियाच्या रूपात असतो. मातीतील व लेंड्यांतील जीवाणू त्याचा एक-दोन दिवसांत अमोनिया करतात. चैत्र-वैशाखाच्या तापलेल्या, उघड्या जमिनीवर तो अमोनिया पाहता पाहता उडून जातो. शिवाय मेंढी जेथे मुतते, तेवढ्या वीतभर जागेत हेक्टरी कित्येक शेकडे किलो होईल इतका नत्र एकदम ओतला जातो. कोणतेही पीक एवढे पचवू शकत नाही. जो उडत नाही, त्याचे मातीत नायट्रेट बनते, आणि पहिल्या जोरदार पावसात ते पाण्याबरोबर खाली उतरते.

खाली उतरते म्हणजे कोठे, याचा विचार आपण क्वचितच करतो. ते आपल्या विहिरींत उतरते. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, अशी आपल्या देशातील मानकांची मर्यादा आहे. त्याहून पुष्कळ अधिक असले, तर दूधपित्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व त्याचे अंग निळसर पडू शकते. विहिरीत नायट्रेट उतरण्याची कारणे अनेक आहेत. गावातील सांडपाणी, शौचालयांचे खड्डे, प्रमाणाबाहेर टाकलेली रासायनिक खते ही त्यांत आलीच. सगळा दोष बिचाऱ्या मेंढरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु गुराढोरांचे वाडे विहिरीच्या काठी असू नयेत, हे मात्र ह्यावरून पटते. नत्राचा आणखी एक अंश नायट्रस ऑक्साइड नावाच्या वायूच्या रूपाने हवेत जातो. पृथ्वी तापविण्याच्या कामी हा वायू, वजनास वजन धरता, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे.

तेव्हा प्रश्न असा उरतो की, शेंगवर्गीय चाऱ्याचा गुण तर घ्यावयाचा, पण त्यातील नत्र वाया जाऊ द्यावयाचा नाही, हे कसे साधावे? उत्तराचे तीन भाग आहेत: चारा नीट टिकविणे, त्याला योग्य जोडीदार देणे, आणि प्रथिनांना पोटात थोडे संरक्षण देणे.

पहिला भाग टिकविण्याचा. पावसाळ्यात शेंगवर्गीय चारा मुबलक असतो आणि उन्हाळ्यात दृष्टीस पडत नाही. वाळवून ठेवावा, तर पाने झडतात आणि प्रथिने तर पानांतच असतात. भाद्रपदात वाळवण्यास ऊनही मिळत नाही. यावर उपाय मूरघासाचा. हिरवा चारा बारीक कापून, हवा लागणार नाही असा दाबून झाकून ठेवला, म्हणजे त्यातील शर्करेपासून जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. दही लागते तेव्हा दुधात जे घडते, तेच येथे चाऱ्यात घडते. कैरीचे लोणचे आंबटपणामुळे टिकते, तसाच हा चाराही टिकतो. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी आपले आयुष्य ह्याच प्रश्नाला वाहिले. शेंगवर्गीय वनस्पती नत्र कसा मिळवितात याचाही त्यांचा अभ्यास होता. हिरव्या चाऱ्यावर सौम्य केलेले आम्ल शिंपडून त्याचा आंबटपणा एकदम वाढविला, तर त्यातील प्रथिनांची नासाडी थांबते, असे त्यांनी सिद्ध केले. त्यांच्या ह्या चारा टिकविण्याच्या पद्धतीचा विशेष उल्लेख करून त्यांना १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. चाऱ्यासारख्या साध्या वस्तूसाठी जगातील सर्वोच्च सन्मान मिळाला, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या मुलांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मात्र शेंगवर्गीय चाऱ्याचा मूरघास हे नाजूक प्रकरण आहे. मक्यात शर्करा भरपूर, म्हणून तो लवकर आंबतो. शेंगवर्गीय चाऱ्यात शर्करा थोडी आणि आंबटपणाला विरोध करणारी द्रव्ये अधिक. त्यामुळे आम्ल सावकाश वाढते. तेवढ्या अवधीत पानांतीलच पाचक द्रव्ये प्रथिने फोडू लागतात. लसूणघासाच्या मूरघासात अर्ध्याहून अधिक प्रथिने अशी फुटून गेलेली आढळतात. असा चारा मेंढीच्या पोटात गेला, की अमोनियाचा पूर अधिकच वेगाने येतो. म्हणजे शेंगवर्गीय चाऱ्याचा नुसता मूरघास केल्याने गळती थांबत नाही, उलट वाढूही शकते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथील संशोधकांनी १९९५ साली एक मौज दाखवून दिली. तांबड्या फुलांच्या क्लोव्हर नावाच्या शेंगवर्गीय गवताचा मूरघास केला, तर त्यातील प्रथिने पुष्कळ कमी फुटतात. कापलेले सफरचंद किंवा वांगे हवेत तपकिरी पडते, ते ज्या द्रव्यामुळे, तेच ह्या गवतात विपुल असते आणि ते प्रथिने फोडणाऱ्या द्रव्यांना जखडून टाकते.

प्रथिनांना संरक्षण देणारे दुसरे द्रव्य म्हणजे टॅनिन. बाभळीची साल चामडे कमावण्यास वापरतात, ती त्यातील टॅनिनमुळेच. सुपारी चघळली म्हणजे तोंड आवळते, तेही टॅनिनचेच काम. चामड्यातील प्रथिनांना जसे ते घट्ट धरते, तसेच चाऱ्यातील प्रथिनांनाही धरते. कोटीपोटातील जीवांना ती मग सहजी फोडता येत नाहीत. पुढे खऱ्या पोटात तीव्र आम्ल असते; तेथे टॅनिनची पकड बरीच सैल होते व प्रथिने मेंढीला मिळू शकतात. न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठात टॅनिनयुक्त लोटस गवतावर मेंढ्या चारल्या, तेव्हा लोकरीची वाढ सुधारल्याचे दिसून आले. इंग्लंडातील रेडिंग विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१२ साली सुरू झालेल्या युरोपीय प्रकल्पात सेनफॉइन नावाच्या टॅनिनयुक्त शेंगवर्गीय चाऱ्याचा असाच अभ्यास झाला. अशा चाऱ्याने मूत्रातील नत्राचा वाटा घटतो व लेंड्यांतील वाढतो, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. प्रत्येक वेळी मांस वाढतेच असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु नत्र मूत्रातून लेंडीत आला, एवढ्यानेही वावराचे हित होते.

येथे "अति तेथे माती" ही म्हण आठवावी. कोरड्या चाऱ्यात टॅनिन शेकडा दोन ते चार असेल, तर लाभ. पाच-सहाच्या पुढे गेले, तर चाऱ्याची चव जाते, पचन मंदावते आणि मेंढी खंगते. सुबाभळीची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. १९७० नंतरच्या काळात मणिभाई देसाई यांच्या उरुळी कांचन येथील बाएफ संस्थेने ह्या झाडाचा पुष्कळ प्रसार केला. त्याच्या पाल्यात प्रथिने भरपूर आणि टॅनिनही आहे. पण त्यात मिमोसिन नावाचे विषही असते. नुसता सुबाभळीचा पाला खाल्ला, तर मेंढीची लोकर गळून पडू शकते. हवाई बेटांतील शेळ्यांच्या पोटात ह्या विषापासून बनणाऱ्या घातक द्रव्याचा नाश करणारे जीवाणू सापडले, आणि ते ऑस्ट्रेलियातील गुरांना देऊन तेथील अडचण दूर करण्यात आली, हा शास्त्राच्या इतिहासातील एक सुंदर प्रसंग आहे. आपण मात्र साधा नियम पाळावा: सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये.

आता आपल्या शिवारात काय करता येईल ते पाहू. पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा २०२३ साली झाला. त्यापूर्वी आपला सौंसर तालुका ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होता, तो मक्यासाठी नावाजलेला आहे. मक्यात शक्ती आहे, चवळीत प्रथिने आहेत. विटा आणि चुना, दोन्ही आपल्या परिसरातच आहेत! मक्याचे तीन भाग आणि चवळीचा एक भाग अशा प्रमाणात दोहोंचा एकत्र मूरघास केला, तर मक्याच्या शर्करेमुळे आम्ल लवकर वाढते, चवळीची प्रथिने वाचतात, आणि पुढे मेंढीच्या पोटातही अमोनियाला शक्तीची जोड मिळते.

कृती अवघड नाही. मक्याचे दाणे दुधाळ अवस्था ओलांडून चिकात आले, आणि चवळी फुलावर येऊन शेंगा धरू लागली, म्हणजे कापणी करावी. चवळी काही तास उन्हात सुकू द्यावी, कारण फार ओला चारा कुजतो. कुट्टी करून मूठभर चारा घट्ट दाबावा. मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू उलगडला, आणि हात ओलसर झाला पण पाणी गळले नाही, तर ओल योग्य आहे असे समजावे. मग खड्ड्यात अथवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत थर देऊन, प्रत्येक थर पायाने खूप तुडवून, हवा काढून टाकावी. चवळीचा भाग अधिक असेल, तर दर शंभर किलोंमागे दोन-तीन किलो मळी पाण्यात कालवून शिंपडावी. वर प्लॅस्टिक घालून त्यावर माती व वजन ठेवावे. सुमारे ४५ दिवसांनी मूरघास तयार होतो. दहा मेंढ्यांना रोज दीड किलोप्रमाणे शंभर दिवस द्यावयाचा, तर १,५०० किलो लागेल. एक घनमीटर जागेत सुमारे ५०० किलो मावतो, तेव्हा दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा पुरे. उरलेली भूक तुरीच्या वा हरभऱ्याच्या कुटारावर भागवावी.

दोन गोष्टींत सावधगिरी बाळगावी. चांगला मूरघास पिवळसर हिरवा असतो व त्याला आंबूस, सुखद वास येतो. काळा, चिकट, बुरशी आलेला किंवा सडका वास येणारा चारा फेकून द्यावा. मातीने माखलेल्या व नीट न आंबलेल्या मूरघासात असे जीवाणू वाढतात की, ते मेंढीच्या मेंदूवर आघात करतात. मेंढी एकाच दिशेने गोल गोल फिरू लागते आणि बहुधा दगावते. दुसरे असे की, चारा एकदम बदलू नये. पोटातील जीवांना नव्या अन्नाची सवय होण्यास आठ-दहा दिवस लागतात.

कोणी म्हणेल, ज्याचा संसार उंटाच्या पाठीवर, तो मेंढपाळ मूरघासाचा खड्डा कोठे खणणार? ही शंका रास्त आहे. हा उपाय मुख्यतः एके ठिकाणी राहून दहा-वीस मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबांसाठी आहे, आणि अशी घरे आपल्या भागात थोडी नाहीत. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणारी नारी सुवर्णा ही मेंढीची जात विकसित केली आहे. जुळ्यांना पाजणाऱ्या आईला प्रथिने अधिकच हवीत. म्हणून जेथे अशा मेंढ्या येतील, तेथे चाऱ्याचा हा विचार टाळता येणारच नाही. राजस्थानात अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आणि झाशी येथील भारतीय गवत व चारा संशोधन संस्था, ह्या दोन्ही १९६२ सालापासून अशाच प्रश्नांवर काम करीत आल्या आहेत.

फिरत्या कळपाच्या बाबतीत गळती थांबविण्याचे काम मेंढपाळापेक्षा शेतकऱ्याच्या हातात अधिक आहे. कळप एकाच जागी चार-चार रात्री न बसविता रोज जागा सरकवावी, म्हणजे एका ठिकाणी नत्राचा ढीग होत नाही. कळप उठला की त्याच सकाळी उथळ वखर फिरवावा. मूत्र मातीआड गेले, म्हणजे अमोनिया मातीला चिकटून राहतो आणि वाऱ्याच्या हाती लागत नाही. ज्या खतासाठी आपण धान्य मोजले, ते वखराच्या एका पाळीअभावी घालवणे परवडणारे नाही.

विद्यार्थ्यांनी ह्या गोष्टीवर आमच्या सांगण्यावरून विश्वास ठेवू नये. स्वतः पडताळा घ्यावा. मेंढरांच्या वाड्यातील ओली माती दोन सारख्या डब्यांत घ्यावी. एका डब्यातील माती उघडी ठेवावी, दुसरीवर चार बोटे कोरडी माती पसरावी. तांबड्या लिटमस कागदाच्या दोन पट्ट्या ओल्या करून दोन्ही डब्यांच्या झाकणांना आतून चिकटवाव्या आणि कोणती पट्टी आधी निळी होते ते पाहावे. जी आधी निळी होईल, त्या डब्यातून नत्र निसटत आहे असे समजावे.

त्या मुलीचा प्रश्न होता, वास उडून गेल्यावर वावरात काय उरते? लेंड्यांतील नत्र उरतो, आणि मूत्रातील जेवढा आपण वेळेवर मातीआड केला तेवढा उरतो. मुळात मूत्रात कमी जावा, ही सोय चाऱ्यापासून करावी लागते. येत्या चैत्रात कळप येतील, मेंढपाळबाबाही बहुधा येतील. तेव्हा लिटमसच्या पट्ट्या घेऊन आम्ही पुन्हा त्यांच्या वाड्यावर जाणार आहोत. त्यांच्या वासाच्या ज्ञानाला आम्ही रंगाची जोड देऊ, आणि जोरदार खत वावरातच कसे राहील, याचा विचार त्यांच्यासह बसून करू.